नाडी इस्पितळाची!

इंग्लंडातल्या इस्पितळात ‘कन्सल्टंट’ म्हणजे वरिष्ठ डॉक्टर. आपल्याकडेही दवाखान्याच्या पाटीवर हा शब्द त्याच अर्थाने झळकतो. पण तिथल्या इस्पितळांच्या जमाखर्चात आणखी एक कन्सल्टंट भेटतो. तो नाडी पाहतो ती रोग्याची नव्हे, इस्पितळाचीच! कारभार कसा हाकावा, पैसा कुठे गळतो, हे सांगणारी ही सल्लागार मंडळी. सल्ला देऊन ती निघून जातात. पथ्य सांभाळायचे घरच्यांनी.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची 1974 साली फेरमांडणी झाली, तेव्हा सल्ल्यासाठी मॅकिन्झी या अमेरिकन कंपनीला पाचारण केले होते. इंग्लंडात प्रदेश, क्षेत्र, जिल्हा अशी उतरंड रचली गेली आणि डॉक्टर, परिचारिका, प्रशासक, खजिनदार या सर्वांनी एकमताने कारभार करावा असे ठरले. एकमत! चार माणसांच्या घरात रविवारच्या भाजीवरही जे होत नाही ते. निर्णय रेंगाळू लागले आणि 1982 मध्ये मधली ‘क्षेत्रा’ची पायरी काढून टाकावी लागली. दोष एकट्या सल्लागारांना देऊन चालणार नाही; शेवटी सही सरकारची असते.

1983 मध्ये सरकारने रॉय ग्रिफिथ्स यांना विचारले. हे गृहस्थ सेन्सबरी या किराणा दुकानांच्या साखळीचे कारभारी. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, मंत्र्यांना एक पत्र लिहिले. इथे जबाबदार कोण, हेच कळत नाही, असा त्याचा मथितार्थ.

तरीही सल्लागारांची वर्दळ थांबली नाही. इंग्लंडातल्या 120 इस्पितळ-संस्थांचा चार वर्षांचा हिशेब तपासणारा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सल्लागारांवर जिथे जास्त खर्च, तिथे सरासरीने कार्यक्षमता कमीच दिसली. आजारी माणूसच वैद्याकडे जातो, अशी शंका वाचक घेतील, घ्यावीच. पण परिचारिकेचा पगारही याच सरकारी पेटीतून जातो, हे विसरून कसे चालेल?

मग बाहेरच्याला विचारूच नये काय? लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झालेले बाळ अतिदक्षता विभागात हलवताना नळ्या, तारा, यंत्रे सारे काढून पुन्हा जोडावे लागे. तेवढ्या धांदलीतच सगळे एकदम बोलत. मोटार शर्यत पाहताना तिथल्या डॉक्टरांना वाटले, काही सेकंदांत चाके बदलणाऱ्यांना हे विचारावे. ते थेट फेरारीच्या लोकांकडे गेले. प्रश्न एकच, आणि तोही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. शर्यतीत तेव्हा हातात फलक धरलेला एक माणूस सूत्रधार असे. इस्पितळात तसा कोण, हे ठरलेलेच नव्हते. ग्रिफिथ्सचाच प्रश्न, खाटेपाशी!

सूत्रे भूल देणाऱ्या डॉक्टरकडे गेली. आधी यंत्रे जोडायची, मग माहिती सांगायची, चर्चा त्यानंतर. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले: दर खेपेच्या तांत्रिक चुका सरासरी 5.42 वरून 3.15 वर उतरल्या होत्या.