घेर मोजा, उंची मोजा, झोपसुद्धा मोजा!

जंगलात झाड मोजायची रीत जुनी. एकाने बुंध्याभोवती टेप गुंडाळायची आणि आकडा ओरडायचा, दुसऱ्याने तो वहीत उतरवायचा, बुंध्यावर खडूची खूण करायची, की पुढचं झाड. टेप लावायची ती छातीच्या उंचीवर. पण कोणाच्या छातीच्या? भारतात आणि अमेरिकेत ती जमिनीपासून १.३७ मीटरवर मानतात, युरोपात बहुतेक ठिकाणी १.३० वर. खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून सात सेंटिमीटरनेही आकडा हलतो. व्यास मोजायची टेप तर फारच हुशार. तिच्यावरचा प्रत्येक ‘सेंटिमीटर’ प्रत्यक्षात ३.१४ सेंटिमीटर लांब असतो. टेप गुंडाळली घेराभोवती, वाचला थेट व्यास. भागाकार टेपवरच करून ठेवलेला!

आता या टेपच्या जोडीला आलाय हातात धरून चालायचा लेझर स्कॅनर.

नॅनोसेकंदाचा हिशेब

यंत्रातून प्रकाशाचा ठोका सुटतो, खोडावर आपटतो, परत येतो. लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. जाणं-येणं धरलं तर नॅनोसेकंदाचा उशीर म्हणजे झाड १५ सेंटिमीटर लांब. सेंटिमीटरपर्यंत अचूक राहायचं, तर त्या नॅनोसेकंदाचेही पंधरा तुकडे करावे लागतात. असे लाखो ठोके दर सेकंदाला. त्यातून तयार होतो बिंदूंचा ढग, आणि त्या ढगात खोड, फांद्या, वेली, सगळं जिथल्या तिथे उभं असतं.

मान डोलावणारं यंत्र

माझं आवडतं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जन्मलेलं ‘झेबेडी’. स्कॅनर चक्क एका स्प्रिंगवर बसवलेला! माणूस चालायला लागला की स्प्रिंग डुलते, स्कॅनर मान हलवतो आणि वर-खाली, डावी-उजवीकडे सगळीकडे किरण फेकतो. फिरवायला वेगळी मोटर नको, माणसाची चालच पुरते. पिसाच्या झुकत्या मनोऱ्याचं आतलं मोजमापही त्याने केलंय.

दाट जंगलात जीपीएस डगमगतो, कारण पानांच्या छताखाली उपग्रहाचा संदेश नीट पोचत नाही. मग आपण कुठे आहोत हे यंत्र आजूबाजूच्या खोडांवरूनच ताडतं. चालताना थोडी थोडी चूक साठत जाते. म्हणून फेरी जिथे सुरू केली तिथेच संपवायची. ओळखीची झाडं पुन्हा दिसली की साठलेली चूक यंत्राला कळते आणि ती सगळ्या वाटेवर वाटून दुरुस्त केली जाते. जाळी फार दाट असेल, तर वाट काढायचं काम मात्र माणसाचंच.

न तोडता वजन

खरी मजा इथे आहे. उभ्या झाडाचं वजन आजवर सूत्राने काढत आलेत: व्यास टाका, वजन घ्या. ही सूत्रं बनली कशी? झाडं तोडून, तुकडे करून, काट्यावर चढवून. प्रचंड झाडं अशी फारशी कोणी तोडून तोलली नाहीत, त्यामुळे तिथे सूत्र लंगडतं. लेझरच्या बिंदूंवर संगणक छोटी-मोठी नळकांडी बसवतो आणि खोडापासून डहाळीपर्यंत लाकडाचं आकारमान काढतो. ऑक्सफर्डजवळच्या विथम वुड्समध्ये हे करून पाहिलं, तेव्हा २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चक्रावणारा होता: जंगलाचं वजन जुन्या अंदाजाच्या १.७७ पट! वजन वाढलं म्हणजे झाडांनी धरून ठेवलेला कार्बनही तितकाच वाढला. असं एखादं जंगल कापलं, तर आपण समजत होतो त्याहून कितीतरी जास्त गमावतो. एक मर्यादा मात्र आहे. लेझर साल पाहतो, आतली पोकळी नाही. लाकडाची घनताही वेगळी शोधावी लागते.

झाडं रात्री पेंगतात

फिनलंड आणि ऑस्ट्रियात एकेका बर्चवर संशोधकांनी रात्रभर लेझर रोखला. वारा नव्हता, दिवस-रात्र जवळपास समान होती. कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि उजेडाने झाड बिथरतं. अवरक्त लेझरने तसं होत नाही. रात्र चढत गेली तशी पानं आणि फांद्या खाली आल्या. पाचेक मीटर उंचीच्या झाडात हा उतार १० सेंटिमीटरपर्यंत होता. सकाळी काही तासांत झाड पुन्हा पूर्वीसारखं. पेशींमधल्या पाण्याचा दाब कमी-जास्त होत असल्याने हे घडत असावं. २०१६ चा हा शोधनिबंध मला लेझरच्या सगळ्या करामतींत सर्वांत सुंदर वाटतो.

मेनारा

मलेशियाच्या साबा राज्यात, दानुम खोऱ्यात, विमानातून घेतलेल्या लेझर नोंदींत २०१८ मध्ये एक झाड नजरेत भरलं. मग जमिनीवरूनही त्याचं स्कॅनिंग झालं. वजन निघालं मुळं सोडून ८१,५०० किलो, त्यातलं ९५ टक्के एकट्या खोडाचं. तरीही शेवटचा शब्द टेपचाच: जानेवारी २०१९ मध्ये उंडिंग जामी नावाचा गिर्यारोहकासारखा निडर माणूस शेंड्यापर्यंत चढला आणि टेप खाली सोडली. १००.८ मीटर! उष्ण कटिबंधातलं हे सर्वांत उंच ज्ञात झाड. नाव ‘मेनारा’, म्हणजे मनोरा.

आपल्याकडे

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये दहा राज्यांच्या वनक्षेत्रांतल्या हवाई लेझर पाहणीचे अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. हेतू वेगळाच: जंगलात पाणी कुठे अडवता येईल, चारा कुठे वाढवता येईल हे शोधायचं, म्हणजे वन्यप्राणी तहान-भुकेपायी गावात शिरणार नाहीत.

खिशातला लेझर

२०२० पासून आयफोनच्या ‘प्रो’ मॉडेलांतही छोटा लेझर स्कॅनर असतो. पल्ला साधारण पाच मीटर. अंगणातल्या आंब्याभोवती फेरी मारलीत तर घेराचा बरा अंदाज मिळेल. मात्र वारा पडलेला असू द्या, कारण फांदी हलली की एकाच डहाळीच्या दोन-तीन सावल्या उमटतात. उंचीसाठी हा फोन वापरू नका, शेंडा त्याच्या टप्प्यात येत नाही.