तंजावरच्या राजाचे डोळ्यांचे दप्तर

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराचे शिखर पाहतो, मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास शोधतो आणि परतीची गाडी पकडतो. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाला फार थोडे जण वेळ देतात. तिथल्या हजारो हस्तलिखितांत एक वेगळेच दप्तर आहे, डोळ्यांच्या रुग्णांचे.

ते दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७७७-१८३२) काळातले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व आसपासचा मुलूख तेवढा उरला. दुसरा कोणी नाचगाण्यात रमला असता. सरफोजींनी युरोपातून ग्रंथ मागवले, छापखाना घातला आणि धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारी मंडळी एकत्र बसत. राजे शस्त्रक्रियेची पेटी सोबत बाळगत आणि मोतीबिंदू स्वतः काढत, असे परंपरा सांगते. कागदांत चव्वेचाळीस रुग्णांच्या तक्रारी आणि उपचार इंग्रजीत टिपलेले आहेत, सोबत त्यांच्या डोळ्यांची चित्रेही आहेत. २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे डॉ. बद्रीनाथ यांच्यामुळे या दप्तराची पुन्हा चर्चा झाली.

ज्ञान बाहेरून आणावे, पण विद्या इथे रुजावी, हा राजांचा हिशेब होता. अवजारांची गोष्ट मात्र पुढे दीडशे वर्षे तशीच राहिली. ती परदेशातूनच यायची. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग गरिबाला परवडत नसे. तंजावरहून काही तासांवरच्या मदुराईत, डॉ. व्यंकटस्वामींच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगे बनवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

आता पाळी यंत्रमानवाची आहे. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेले 'दा विंची' यंत्र कोट्यवधींचे, त्यामुळे ते मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतच दिसते. गुरुग्रामचे डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीने 'मंत्र' हे देशी यंत्र घडवले. २०२५ च्या जानेवारीत गुरुग्राममध्ये बसलेल्या शल्यविशारदाने २८६ किलोमीटरवरच्या जयपुरात हृदयशस्त्रक्रिया केली. हातातली थरथर गाळून टाकणारे असे यंत्र तंजावरसारख्या जिल्ह्याच्या गावी कधी पोचेल, हे त्याच्या किमतीवर आणि ते चालवणारी माणसे किती तयार होतात यावर ठरणार आहे.