न थांबणारें बोलणें

पंगत उठली तरी एखादा बारा वर्षांचा मुलगा पाहुण्यांस आगगाड्यांचीं वेळापत्रकें ऐकवीतच असतो. वडील मंडळी खांकरतात, घड्याळाकडे पाहतात; तो थांबत नाहीं, आणि 'आगाऊ' ठरतो. मुलास स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असेल तर हा शिक्का अन्यायाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पेर्गर यांनीं १९४४ सालीं अशा मुलांची ही लकब नोंदविली. (त्यांचें नाझी काळांतील वर्तन हा निराळा, आणि दुःखद, विषय.) खांकरणें, बदललेला सूर, वळलेली नजर यांचा अर्थ अशांपैकीं पुष्कळांस आपोआप लागत नाहीं, आपली पाळी केव्हां आली हेंहि उमगत नाहीं. म्हणून एक अखंड बोलतो, तर दुसरा अवाक्षर काढीत नाहीं. परंतु स्वतः स्वमग्न असलेले इंग्लंडांतील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनीं २०१२ सालीं मांडलें कीं, ही अडचण एकतर्फी नव्हे. आपणांस तरी त्याच्या खुणा कोठें कळतात?

एकत्र कुटुंबांत पांच वडील पांच प्रकारें सुचवितात, स्पष्ट कोणीच बोलत नाहीं. त्यापेक्षां एकानेंच आधीं सांगावें, "बाळ, दहा मिनिटें तूं बोल, मग काका बोलतील. उरलेलें रात्रीं ऐकूं." मात्र रात्रीं खरोखरच बसावें लागेल, तो आपला शब्द अक्षरशः धरून वाट पाहत असतो.