पद्मिनीचा गिअर अडकला? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढे करा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर तीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. खासगी मालकांच्या दारात मात्र या गाड्या अजून उभ्या आहेत. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातही कोणाच्या वडिलांची, कोणाच्या धंद्यातली अशी एखादी पद्मिनी असतेच.

टॅक्सी भंगारात जात होत्या तोवर कुर्ल्याच्या बाजारात सुटे भाग मुबलक होते. तो ओघ आता आटला आहे. स्टिअरिंगखालचा गिअर हाताच्या स्पर्शाने ओळखणारे उस्तादही थकत चालले. नवा मेकॅनिक म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." आमचा अनुभव असा की पुष्कळ वेळा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर असतो आणि घरच्या घरी निघतो.

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करा. चारही गिअर आणि रिव्हर्स लावून पाहा. इंजिन बंद असताना सगळे सहज लागतात आणि चालू केल्यावर खर्र आवाज होतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. खात्री करायची असेल तर इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबा, दहा आकडे मोजा, मग हळूच रिव्हर्स लावा. एवढे थांबूनही दात घासले तर संशय राहत नाही. पेडलची मोकळी चाल जास्त झाली असेल तर ती पुस्तिकेतील मापावर आणा. चाल अजिबात ठेवली नाही तर क्लच घसरू लागेल, हेही ध्यानात असू द्या.

पहिल्या गिअरबद्दल एक सांगितले पाहिजे. या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय तो लावला तर आवाज होणारच. तो बिघाड नव्हे, चालवणाऱ्याची घाई आहे. दुसरा लावताना मात्र घासत असेल आणि तिसरा, चौथा ठीक असतील, तर दुसऱ्याची पितळी सिंक्रो रिंग झिजली. ते काम मात्र उस्तादाचेच.

इंजिन बंद असतानाही गिअर जड लागतो किंवा मध्येच अडकतो, तर बॉनेट उघडा. स्टिअरिंगजवळच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या, लहान हात, पिना आणि बुश यांची साखळी असते. एका हालचालीने ओळ निवडली जाते, दुसरीने गिअर लागतो. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई आली तरी शेवटी गिअरबॉक्सशी बोटभर फरक पडतो आणि दोन ओळींच्या मध्ये दांडा अडकतो. टॅक्सीवाले बॉनेट उघडून हाताने सळी हलवीत ते यासाठीच. तसे करायचे तर इंजिन बंद आणि हँडब्रेक ओढलेला हवा. एकाने आतून दांडा हलवावा, दुसऱ्याने बाहेरून प्रत्येक सांधा पाहावा. कोणता बुश नाचतो ते दिसते.

नाचणारा बुश बाजारात मिळत नसेल तर निराश होऊ नये. अंबरनाथ पूर्वेला आनंदनगरचे औद्योगिक क्षेत्र आहे. लेथवाल्यांचा तुटवडा या गावाला कधी नव्हता. अडचण एवढीच की एका बुशसाठी यंत्र लावायला कोणी तयार होत नाही, आणि त्यात त्याचेही चुकत नाही. चार मालकांनी मिळून संच सांगितले तर परवडते. स्पेअरच्या धंद्यातील आमच्या बंधूंनी दहापंधरा संच करून ठेवले तर गिऱ्हाईक शोधत येईल, असे आम्हाला वाटते.

लागलेला गिअर चालताना सुटत असेल तर आधी गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग पाहा. ते ठीक असेल तर आतील स्प्रिंग, गोळी किंवा दात झिजलेले असतात. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबताच बंद होतो, तर पुढच्या शाफ्टचे बेअरिंग गेले. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग.

तेलाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष असते. गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे, खाली मजबूत स्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून कोणीही खाली शिरू नये. आधी भरण्याचा नट सैल करून पाहा, मगच खालचा उघडा. तेल सांडून गेले आणि वरचा नट हललाच नाही तर गाडी जागेवर बसते! निघालेले तेल पांढऱ्या भांड्यात धरा. सोनेरी भुकटी दिसली तर सिंक्रो रिंग झिजते आहे. लोखंडी तुकडे असतील तर गाडी चालवू नका. नवे तेल ९० नंबरचे, जीएल-४ दर्जाचे घ्या. दुकानदार जीएल-५ भारी म्हणून देतो, पण त्यातील गंधकाची रसायने पितळेला बाधू शकतात. भोकातून तेल बाहेर येऊ लागेपर्यंत भरावे.

गिअरबॉक्स उतरवणे भागच असेल तर दोघे हवेत. त्याचे वजन क्षणभरही क्लचप्लेटवर लोंबकळू देऊ नका, प्लेट वाकते.

खर्च करण्याआधी कागद तपासा. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. तिची फी २० हजार रुपये, आणि ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रोज फिरवायची तर नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरणच करून घ्यावे.

आणि काढलेला जुना बुश फेकू नका. झिजला असला तरी त्याची लांबी आणि न घासलेली बाजू टर्नरला मापासाठी लागते.