खुब्याचा सांधा आणि यंत्राचा हात

लेथ आणि मिलिंग मशीनवर काम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. भोक आणि त्यात बसणारा दांडा यांचे माप जुळले, तर जोड वर्षानुवर्षे हलत नाही. केसभर फरक राहिला, की तो खिळखिळा होतो. माणसाच्या खुब्यात कृत्रिम सांधा बसवतानाही हाच हिशोब असतो. त्यातूनच शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी रोबोट येऊन उभा राहिला. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातींत हा शब्द दिसतो. तेव्हा या यंत्राचा नफा-तोटा आपण व्यापाऱ्याच्या नजरेने तपासून पाहू.

खुबा निकामी झाला, की माणसाला दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसता येत नाही, कारखान्यात उभे राहता येत नाही, नमाज खुर्चीवर बसून अदा करावी लागते. ज्याची रोजी अंगमेहनतीवर आहे, त्याचा तर धंदाच बसतो. अशा रुग्णांसाठी इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी असलेला सांधा रूढ केला. तो हाडात एक प्रकारच्या सिमेंटने पक्का केला जाई. पुढे सिमेंटशिवाय बसणारे सांधे आले. यात मांडीच्या हाडाची पोकळी कोरून त्यात धातूचा दांडा ठोकून बसवतात आणि हाड त्याला धरून वाढते. पण हाड धरायचे तर दांडा घट्ट बसला पाहिजे. कानशीसारखे दाते असलेले हत्यार हातोडीने ठोकून कोरलेली पोकळी नेहमीच तंतोतंत होत नाही. कधी फट राहते, तर कधी हाडच तडकते.

कारखान्यातला हात दवाखान्यात

यावर उपाय शोधला तो अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे पशुवैद्य हॉवर्ड पॉल आणि अस्थिशल्यचिकित्सक विल्यम बार्गर यांनी. आयबीएम कंपनीच्या संशोधकांची त्यांना साथ मिळाली. कारखान्यात सुटे भाग जुळवण्यासाठी वापरतात त्या धर्तीचा यंत्राचा हात घेऊन ‘रोबोडॉक’ तयार झाला. १९९० मध्ये तो प्रथम कुत्र्यांवर वापरला गेला. ७ नोव्हेंबर १९९२ रोजी सॅक्रामेंटो शहरात पहिल्या माणसावर त्याने काम केले.

त्याची पद्धत कारागिराला लगेच समजेल अशी आहे. आधी हाडात खुणेच्या छोट्या पिना बसवून सीटी स्कॅन काढत. संगणकावर सर्जन कोणत्या मापाचा दांडा कुठे बसवायचा ते आखत. मग पाय शिकंजात घट्ट धरून, पिनांवरून जागा ओळखून, वेगाने फिरणाऱ्या कटरने यंत्र स्वतःच पोकळी कोरत असे. हाड जागचे हलले, की यंत्र थांबे. पोकळी खरोखरच मापात उतरत असे.

जर्मनीचा धडा

अमेरिकेत सरकारी परवानगी लांबली, म्हणून कंपनीने युरोपची बाजारपेठ धरली. १९९४ पासून जर्मनीत हे यंत्र चालू झाले आणि हजारो शस्त्रक्रिया झाल्या. रुग्णालयेही नव्या यंत्राचा डंका पिटू लागली. मग तक्रारी आल्या. कटरला जागा करून देताना खुब्याभोवतीचे स्नायू दुखावले जात होते आणि काही रुग्ण लंगडू लागले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात ७४ रुग्णांवर रोबोटने शस्त्रक्रिया सुरू केली. त्यांपैकी १३ जणांचे काम शेवटी हातानेच पुरे करावे लागले. पायांची लांबी रोबोटने अधिक बरोबर साधली, पण वेळ जास्त लागला आणि सांधा निखळण्याचे प्रमाणही जास्त निघाले.

म्हणजे यंत्राने हाड बरोबर कापले, पण वाटेतला कोणता स्नायू राखायचा हे ते जाणत नव्हते. आखलेले कापणे हे यंत्राचे काम. काय वाचवायचे हे कारागिराचे.

प्रकरण न्यायालयात गेले. १३ जून २००६ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तत्त्व सांगितले, की पद्धत नवी असेल तर तिच्यात अद्याप माहीत नसलेले धोके असू शकतात, हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. त्या दाव्यात रुग्ण महिलेला मात्र भरपाई मिळाली नाही. कारण तिला झालेली नसेची इजा हा धोका तिला आधीच सांगितलेला होता. मालाचा दोष गिऱ्हाइकापासून लपवू नये, ही आपल्या दीनची व्यापाऱ्याला असलेली ताकीद आहे. न्यायालयाने वेगळे काय सांगितले?

यंत्र बनवणाऱ्या कंपनीने २००५ मध्ये कामकाज थांबवले आणि २००७ मध्ये तिची मालमत्ता विकली गेली. अमेरिकेची परवानगी मिळाली ती २००८ मध्ये, दुसऱ्या मालकाच्या हाती. चांगला माल असूनही परवाना आणि भांडवल यांचा मेळ बसला नाही, तर काय होते याचा हा नमुना आहे.

आजचे यंत्र आणि आपले प्रश्न

आज जास्त चालणारी ‘माको’सारखी यंत्रे वेगळ्या विचाराची आहेत. हत्यार सर्जनच्याच हातात राहते; यंत्राचा हात ते आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे वाटी आखल्याप्रमाणे बसते, याला पुरावे आहेत. परंतु त्यामुळे सांधा अधिक वर्षे टिकतो, हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही.

म्हणून घरात कोणावर अशी वेळ आली, तर रोबोटच्या नावाने भुलू नये आणि घाबरूही नये. सर्जनना सरळ विचारावे: आपण खुब्याच्या किती शस्त्रक्रिया केल्या? त्यांतल्या या यंत्रावर किती? यंत्र मध्येच थांबले, तर हाताने काम पुरे कराल ना? यंत्राचा आकार वेगळा किती, आणि त्या रकमेत माझ्या दुखण्यात नेमका काय फरक पडेल? लेथ घेतानाही आपण यंत्रासोबत त्यावर बसणारा कारागीर पाहतोच. मग शरीर तर अल्लाहची अमानत आहे. ते कोणाच्या हाती सोपवायचे, याची चौकशी त्याहून बारीक असावी.