विश्लेषण : सर्वोत्तम फर्स्ट बेसमन, पण मॅच विकल्याचा डाग; काय आहे हॅल चेस प्रकरण?

बेसबॉलमध्ये बॅटरने चेंडू टोलवला की क्षेत्ररक्षक तो उचलून पहिल्या बेसकडे फेकतो. बॅटरच्या आधी तिथे चेंडू झेलला गेला, तर बॅटर बाद. हे काम फर्स्ट बेसमनचं. आता हाच खेळाडू बेसवर मुद्दाम क्षणभर उशिरा पोहोचला तर? चेंडू मागे निघून जातो आणि खापर फुटतं फेकणाऱ्यावर! हॅल चेसवर हाच आरोप होता.

कोण होता चेस?

कॅलिफोर्नियात १८८३ मध्ये जन्मलेला चेस १९०५ पासून न्यूयॉर्क हायलँडर्सकडून (आजचे यांकीज) खेळला. त्याची चपळाई पाहायला प्रेक्षक यायचे. १९१६ मध्ये सिनसिनाटी रेड्सकडून .३३९ सरासरीने तो नॅशनल लीगचा अव्वल बॅटरही ठरला. म्हणजे दर शंभर प्रयत्नांत सुमारे ३४ हिट.

आरोप झाले, मग कारवाई?

१९१० मध्ये मॅनेजर जॉर्ज स्टॉलिंग्सने त्याच्यावर मुद्दाम सामने हरल्याचा आरोप केला. झालं उलटंच. स्टॉलिंग्स गेला आणि चेसच मॅनेजर झाला!

१९१८ मध्ये रेड्सचा मॅनेजर क्रिस्टी मॅथ्यूसनने त्याला निलंबित केलं. मात्र जानेवारी १९१९ मधील सुनावणीवेळी मॅथ्यूसन लष्करी सेवेसाठी फ्रान्समध्ये होता. मुख्य साक्षीदारच नाही म्हटल्यावर लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांनी पुराव्याअभावी चेसला सोडलं. लगेच न्यूयॉर्क जायंट्सने त्याला घेतलं. त्याच संघात मॅथ्यूसनही प्रशिक्षक म्हणून परतला. दोघांचं ड्रेसिंग रूम एकच!

त्याच वर्षी हेडलर यांच्या हाती चेसला एका सट्टेबाजाकडून मिळालेल्या ५०० डॉलरच्या चेकची प्रत लागली. मेजर लीगचे दरवाजे बंद झाले. १९१९ च्या वर्ल्ड सीरिजमधील गाजलेल्या ‘ब्लॅक सॉक्स’ फिक्सिंग प्रकरणातही त्याच्यावर आरोप ठेवले गेले. पण वॉरंटमधील त्रुटीमुळे कॅलिफोर्नियाने त्याला शिकागोच्या ताब्यात दिलंच नाही.

आकडे काय सांगतात?

अमेरिकन लीगमध्ये फर्स्ट बेसमन म्हणून त्याच्या नावावर २८५ चुका आहेत. हा विक्रम आहे. इतरांना न गाठता येणाऱ्या चेंडूंवर तो झेपावायचा, म्हणून काही चुका वाढल्या असतील. पण मुद्दाम केलेल्या किती, हे स्कोअरकार्ड सांगत नाही.

१९३६ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’चं पहिलं मतदान झालं. २२६ पैकी ११ मतदारांनी चेसचं नाव लिहिलं. निवडीसाठी हवी होती १७०. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातच त्याचं निधन झालं.