घेण्याची रीत

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझा पाय मोडला. दीड महिना अंथरुणात गेला आणि उसाची भरणी तशीच राहिली. शेजारच्या तात्यांनी न विचारता आपल्या बैलांनी ती उरकली. बरा झाल्यावर मी पैसे पाकिटात घालून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. ‘‘पैसं देऊन मला लांब करतोस व्हय?’’ एवढंच म्हणाले.

चूक शोधताना आमच्या बिद्री भागातल्या जुन्या रीतींकडे मी नव्याने पाहू लागलो. त्यांत पहिला पैरा. एकेक बैल असलेले दोघे शेतकरी मिळून जोडी करतात. आज तुझं रान, उद्या माझं. बायकांची भांगलणही अशीच चाले. इथे कामाची फेड कामानेच होते आणि तीही पाळी आल्यावर. मधल्या काळात घेणारा ऋणात असतो, पण त्याची मान खाली नसते. इर्जिक घातली, तर अनेकांची औतं एकाच्या रानात उतरतात आणि रानवाला जेवण घालतो. ते जेवण म्हणजे मजुरी नव्हे.

लग्नातल्या आहेराच्या वहीला आपण हिशेबीपणा म्हणून हसतो. मला ती वही आठवण वाटते. कोणी काय घातलं हे त्यात लिहायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघेल तेव्हा काढून पाहायचं, मग त्याला वीस वर्षं लागली तरी चालतील. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, पण त्याच पावली भरूनही द्यायची नाही, हे आईला कोणी शिकवलं नव्हतं.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या निबंधात देणं, घेणं आणि परत देणं ही तिन्ही बंधनंच मानली. घ्यायला नकार म्हणजे नात्याला नकार. पिएर बूर्दिए यांनी अल्जीरियातल्या कबाइल शेतकऱ्यांच्या अभ्यासातून पुढचा मुद्दा मांडला: देणगी आणि फेड यांच्यात काळ जावा लागतो. लगेच आणि तेवढीच फेड केली, तर ती देणगी नाकारल्यासारखीच होते. माझं पाकीट नेमकं तेच करत होतं.

मात्र हे सगळं बरोबरीच्या माणसांतलं. गावगाड्यात महारांनी शिळे तुकडे घ्यावेत आणि उपकार मानावेत, अशी ‘रीत’च होती. तिथे परत देण्याची मुभाच नव्हती. त्यांच्या हातचं पाणी तरी कोण घेत होतं? मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते म्हणूनच. सावकाराची किंवा निवडणुकीआधीची मदतही मी याच चाळणीतून पाहतो: देणारा कधी माझ्या दारात घ्यायला येईल का?

तात्या येतात. वडील गेले तेव्हा आमची चूल बंद होती आणि कडू घास त्यांच्याच घरून आला होता. तेव्हा कुणाला पैसे विचारायचं सुचलं नव्हतं. त्यांच्या घरच्या प्रसंगाला आमच्याकडूनही भाकऱ्या गेल्या आहेत.

यंदा त्यांच्या खालच्या पट्टीत लागण आहे. सरी सोडायला माणूस कमी पडतोय, असं त्यांनी परवा कट्ट्यावर मला ऐकू जाईल असं सांगितलं. सोमवारी मी आणि पोरगा जाणार आहोत.